डावा पाय, उजवा पाय आणि वरची आंटी

माझ्या घरातला कोणताही डबा आठ दिवसांत रिकामा होतो. किस्स्यांचा तेवढा भरतच चाललाय! त्याला कारण आमची गॅलरी. शहराच्या टोकाला, बेसाला घर घेतलं तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "गॅलरी आहे, हवा येईल." हवा राहिली बाजूला, समोरच्या तळमजल्यावर मुलींचा डान्स क्लास उघडला! तेव्हापासून भाजी गॅलरीत निवडते, कपड्यांच्या घड्या गॅलरीत घालते, आणि कान तर तिथेच राहायला गेलेत.

क्लास केतकी मॅमचा. तिशीची बारीकशी बाई, आवाजही बारीक. मला वाटलं, ही काय या पोट्ट्या सांभाळणार!

*

मॅमची एक पद्धत आहे. गाणं संपलं की पुढची ओळ मागे जाते आणि मागची पुढे येते. रिद्धी ही क्लासातली सगळ्यांत तयार मुलगी. मागे गेली की तिचं तोंड फुगायचं. एक दिवस तिची आईच आली. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच सुरू! "मॅम, आमची रिद्धी एवढी मस्त नाचते, तिले मागं काहून उभी करता?"

मॅम म्हणाल्या, "ताई, गाडीले लाइट काय पुढंच असते का? मागंही लागते ना!"

त्या बाईनं खरोखर वाकून आपल्या गाडीचा मागचा लाइट पाहिला! मी गॅलरीत पदर तोंडात कोंबला.

*

मग तन्वी आली, बुटीबोरीहून. वडील तिकडे कापडाच्या कारखान्यात. आई तिला दर शनिवारी बसनं आणायची आणि क्लास सुटेपर्यंत आमच्या पायरीवर बसायची. तिचा चहा माझ्याकडे, तिच्या बातम्याही माझ्याकडे.

तन्वी नाचायची सुंदर, पण सुरुवातीला घोळ. मॅमचं "पाच, सहा, सात, आठ" झालं की सगळ्यांचा उजवा पाय पडायचा, हिचा हमखास डावा! मग पुढच्या चार ठेक्यांत शेजारणीशी टक्कर.

पहिल्याच दिवशी अशी टक्कर झाली, आणि वरून कोणीतरी हसत ओरडलं, "अवं बाप्पा, हे तं उलटी गाडी आहे!"

पोरी खदखदून हसल्या. तेव्हापासून तन्वीचं नाव पडलं उलटी गाडी. ती आली की कोणी "पीं पीं" करी, कोणी "रिव्हर्स, रिव्हर्स!" म्हणे.

*

एका शनिवारी तन्वीची चप्पलच गायब झाली. पोरींनी लपवली, हे उघड होतं. मी वरून सगळ्यांचे चेहरे वाचून राहिली होती.

मॅमनी कोणाला विचारलं नाही, कोणाला रागावलं नाही. स्वतःची चप्पल काढून तन्वीच्या पायात दिली. म्हणाल्या, "हिची चप्पल सापडेपर्यंत मी अशीच."

रविवारी अनवाणी आल्या. सोमवारी अनवाणी. आमच्या रस्त्याचं काम चाललेलं, जिकडेतिकडे गिट्टी. बाई एकेक पाय उचलून टाकी, आणि अकरा पोरी खाली मान घालून बघत. मंगळवारी पायरीवर तन्वीची चप्पल! धुतलेली, पुसलेली, बंदाला नवीन टाका घातलेली.

"कोणी ठेवली?" मी गॅलरीतून विचारणारच होते. पण मॅमनी वर अशी नजर टाकली की मी मुकाट मेथी निवडायला बसले.

*

चप्पल आली, पण नाव काही गेलं नाही. एक दिवस चहा घेता घेता तन्वीची आई रडायलाच लागली. "काकू, शनिवार आला की पोट दुखते म्हणते. डॉक्टरले दाखवलं, काहीच नाही निघालं. आता म्हणते, मले नाही नाचायचं. घरी आरशासमोरही नाचणं सोडलं हो पोरीनं."

माझा चहा तसाच राहिला. मीच जाऊन मॅमना सांगितलं. पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. म्हणाल्या, "आजपासून एक नियम. ज्यानं कोणाले चिडवायचं नाव ठेवलं, त्यानं तिले एक गोष्ट शिकवायची, अन् तिच्याकडून एक शिकायची. उलटी गाडी कोणी म्हटलं पहिल्यांदा?"

सगळ्यांनी रिद्धीकडे पाहिलं. रिद्धी उभी राहिली. "मॅम, मी चिडवलं. सॉरी. पण नाव मी नाही ठेवलं. ते वरच्या आंटीनं ठेवलं!"

बारा पोरी आणि एक मॅम, सगळ्यांच्या माना वर! मी कठड्याखाली बसले, पण हातातली मेथीची जुडी वरच राहिली.

"शोभाकाकू, खाली या."

पन्नाशी उलटली, पोरीचं लग्न झालं, आणि मी दहा-बारा वर्षांच्या मुलींत कान पकडून उभी! तन्वीला म्हटलं, "माय, चुकलं माझं. बोलता बोलता बोलून गेली मी." त्यानंतरच्या शनिवारी तिचं पोट दुखलं नाही.

*

आता मी तिला शिकवणार काय? दहावीपर्यंत शिकलेली बाई मी, नाच तर वरातीतही नाही केला. मग सुचलं. नवी सून घरात येते तेव्हा उजवं पाऊल आधी टाकते ना? म्हटलं, "तन्वी, माझ्या घरात यायचं तं लक्ष्मीसारखं. उजवं पाऊल आधी."

क्लास सुटला की तिचा गृहप्रवेश सुरू. मी आत उभी राहून मोजायची, "पाच, सहा, सात, आठ!" आणि ती उंबरठ्यावर. डावा आला की परत बाहेर. एका दिवसात वीस-वीस वेळा! आमचे हे पेपर खाली करून म्हणाले, "एवढ्या सुना कुठं ठेवायच्या आहेत?"

तिनं मला शिकवली शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून, जीभ दुमडून. तिची शिट्टी चौकापर्यंत जाई. माझी नुसती हवा, फुस्स! रिद्धीही येऊन बसायला लागली. म्हणायची, "आंटी, तुमचा टायर पंक्चर आहे."

पण ती आली की आम्ही उंबरठा सोडून शिट्टीला लागायचो; उंबरठ्याचं तिलाही कळू दिलं नाही. तन्वीची अट होती, "कोनालेच सांगू नका काकू. मॅमलेही नाही. सरप्राइज!" आणि महिन्याभरानं तिचा उजवा पाय पक्का झाला. झोपेतून उठवलं तरी उजवा! क्लासात मात्र मुद्दाम डावाच टाकायची.

मी कोणाला म्हणजे कोणालाही सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं गुपित, जे माझ्या पोटात टिकलं.

*

गॅदरिंगचा दिवस. हॉल भरलेला. माझ्या शेजारी रिद्धीची आई, मोबाइल उभा धरून. पडदा उघडायला मिनिटभर राहिलं असेल, तर नऊवारी सावरत रिद्धी धावत माझ्यापाशी.

कानात म्हणाली, "आंटी, टेन्शन नका घेऊ. तन्वीची चूक कोनाले दिसणार नाही. आम्ही सगळ्यांनी ठरवलं हाय. अकराच्या अकरा जणी डाव्या पायानंच सुरू करून राहिलो! तिले माहीत नाही. मॅमलेही नाही. सरप्राइज!"

"अवं रिद्धी, थांब! अवं ऐक तं..."

घंटा वाजली. पोरगी गेली. पडदा उघडला.

पहिल्या ओळीत मधोमध तन्वी, तिच्या बाजूला रिद्धी. ढोलकीवर थाप पडली. पाच, सहा, सात, आठ...

अकरा डावे पाय, आणि एक उजवा!

चार ठेके झाले आणि तन्वी-रिद्धीची धाडकन टक्कर. दोघींनी एकमेकींच्या पायांकडे पाहिलं. मग तोंडाकडे. आणि भर स्टेजवर दोघी अशा हसत सुटल्या की बाकीच्या दहाही जणी हसू लागल्या. ढोलकी आपली वाजतेच आहे! पडद्याच्या कडेला मॅम, दोन्ही हात डोक्यावर.

रिद्धीची आई मोबाइलमधून तोंड काढून मला म्हणाली, "पाहा ना वं शोभाताई, एकटी तेच पोट्टी चुकली!"

मी तिला काही म्हणजे काही सांगितलं नाही. उभी राहिले, जीभ दुमडली, दोन बोटं तोंडात घातली.

अख्खा हॉल मागे वळून पाहू लागला.