बांगड्याच्या पाण्यावरचे बटाटे

मासळी धुतलेलं पाणी दोन दिवस झाकून ठेवलं की त्यावर साय धरते. दुधावर धरते तशीच, फक्त राखाडी. तिसऱ्या दिवशी त्या सायीला बुडबुडे येतात. चौथ्या दिवशी त्या भांड्याचं झाकण आपणहून काढणारं माणूस एक तर वेडं असतं, नाही तर सतरा वर्षांचं. मी दोन्ही होते.

घोडपदेवला चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला नळ आणि संडास. लग्न होऊन सहा महिने झाले होते. नवरा गिरणीत साच्यावर कापड विणायचा, सासू दुसऱ्या गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायची. दोघं कामाला गेली की दिवसभर खोलीत मी आणि माझं तोंड. सगळा घोटाळा त्या तोंडानंच केला.

मी मालवणकडची. माहेरी परसात नारळ, फणस, केळी, पपया, काय नव्हतं? गॅलरीत बायका तांदूळ निवडायला बसल्या की मी सुरू व्हायची. "आमच्याकडे बाजारातून मीठ तेवढं आणतात. बाकी सगळं घरचं." बायका हूं हूं करत ऐकायच्या. मला वाटे, काय कौतुक करतात माझं! त्यांना नुसती करमणूक हवी होती, हे कळायला मला नातवंडं व्हावी लागली.

ते चळवळीचे दिवस. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत असं कळल्यापासून चाळीत दुसरं बोलणं नव्हतं. आज सभा, उद्या हरताळ, परवा मोर्चा. भायखळ्याचा भाजीबाजार कधी उघडेल नि कधी बंद राहील याचा नेम नसे, म्हणून सासूनं बटाटे आणून खाटेखाली भरून ठेवले होते. दिवाळीनंतर एकदा तिनं ते पोतं ओढलं, तर तळाच्या बटाट्यांचं पाणी झालेलं, काळं आणि चिकट, आणि वरच्यांना बोटबोटभर पांढरे कोंब. अंधारात राहिलेल्या अळ्यांसारखे.

"टाक गो ती घाण," सासू म्हणाली.

मी कसली ऐकते! "टाकायचे कशाला? मी लावते. शिवरात्रीपर्यंत घरचे बटाटे निघतील बघा. आमच्याकडे..."

आता म्हातारपणी खरं सांगायला हरकत नाही. बटाट्याचं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. माहेरी तो बाजारातूनच यायचा, मिठाच्या शेजारी बसून. माझी आपली कल्पना, की वांग्यासारखा फांदीला लटकत असेल.

रॉकेलचे तीन रिकामे डबे मिळवले. मागच्या तबेल्याजवळची माती पदरातून आणली, त्या फेऱ्यांत एक चांगलं लुगडं कायमचं वाया घालवलं. डबे गॅलरीत आमच्या खिडकीखाली मांडले. दोन डब्यांत बटाटे पुरले, तिसऱ्यात पपईच्या बिया टाकल्या. पपईचं आधीच सांगून टाकते म्हणजे ती मध्ये मध्ये येणार नाही: पुढं ती पुरुषभर वाढली, तिला फुलांच्या माळाच्या माळा आल्या आणि फळ एकही धरलं नाही. नर निघाली.

आता खत. माहेरी नारळाच्या बुंध्याशी मासळीची डोकी, कल्ले, आतडी पुरायचे, मग झाड असं लागायचं की बघत राहावं. पण तो नारळ समुद्राच्या वाऱ्यात, घरापासून चार ढांगा लांब. माझा डबा आमच्या उशापासून दीड हातावर, पत्र्याचा, बुडाला भोक नसलेला. एवढा विचार करण्याइतकी अक्कल मला नव्हती. सासू कामाला गेली की मी बांगडे धुतलेलं पाणी ओतायची आणि डोकी मातीत दाबायची. आठ दिवसांत निळ्या-हिरव्या माशा यायला लागल्या. पंधरा दिवसांत माती हलायला लागली. मातीच हलते आहे असं वाटायचं, वाकून पाहिलं की कळायचं काय हलतंय ते. तांदळाएवढं एकेक, पांढरं आणि लठ्ठ.

कोंब मात्र झपाट्यानं वर आले. मी रोज फांद्या निरखायची, बटाटा कुठं धरलाय म्हणून. शेजारच्या खोलीत साताऱ्याकडची एक बाई होती, मांडीवर तान्हं मूल. तिनं मला पानं उलटीपालटी करताना पाहिलं.

"काय शोधतीस गं?"

"फळ."

ती इतकी हसली की पोर दचकून रडायला लागलं. "अगं येडे, बटाटा मातीत अस्तुय! बुडाला माती चढव, उघडा ठिवू नगंस."

तिनं मूल माझ्या हातात दिलं आणि स्वतः बोटांनी झाडांना भर लावून दिली. हात नाकाशी नेऊन तिनं तोंड वाकडं केलं आणि नळावर जाऊन हात धुतले. तिला वाटलं असावं, कोकण्यांच्या घराला हा वास असायचाच.

एकदा बटाटा मातीत असतो हे कळल्यावर मला धीर कुठला! रोज उकरायची, बोरांएवढे झालेत का बघायची, आणि अर्धेमुर्धे उघडे टाकून द्यायची.

एका संध्याकाळी सासू कामावरून आली, ताटावर बसली आणि घास हातात धरून थांबली.

"ही घाण खयसून येता गो?"

माझ्या तोंडाला विचार करायची सवयच नव्हती. "शेजारच्या बाळाची लंगोटं असतील. नीट धूत नाही ती."

सासू तशीच उष्ट्या हातानं शेजारच्या दारात.

"तुझ्या पोराची लंगोटा तरी नीट धू गे बाये! आमका घास गिळवना नाय!"

"आत्याबाई, माज्या लेकराचा वास तुमच्या ताटापत्तूर यायला ते काय हत्तीचं पोर हाय? रोज मासं तुमच्यात, आन् वास माज्या घराचा व्हय?"

"मासळीक वास नसता! मासळीक सुवास आसता!"

अख्खी गॅलरी दारात आली. कुणी हिची बाजू घेतली, कुणी तिची. साताऱ्याच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. ज्या बोटांनी तिनं माझ्या झाडांना भर लावली होती तीच बोटं आता पोराच्या पाठीवर होती. मी खाली बघून भांडी घासायला लागले, घासलेलीच. तेव्हापासून ती लंगोटं वाळत घालायला गॅलरीच्या पार टोकाला, संडासाशेजारी जायला लागली. मला कसली लाज! मला सुटल्यासारखं झालं.

मग जानेवारी उजाडला आणि सगळंच पेटलं. संचारबंदी, अश्रुधूर, दारं-खिडक्या बंद. एका मोर्चातून माझ्या नवऱ्याला पोलिसांनी उचललं. कुठल्या तुरुंगात आहे हे कळायलाच आठवडा गेला. कधी सोडतील, कुणी सांगेना. सासू जेवेना. मी सतरा वर्षांची, त्या माणसाशी माझी अजून धड ओळखही झाली नव्हती, पण त्याचा रिकामा कोट खुंटीवर दिसला की मी तो काढून झटकायची आणि परत टांगायची.

एका सोमवारी सासूनं देवापुढं दिवा लावला आणि गॅलरीतल्या बायकांच्या देखत नवस केला. "शिवरात्रीक बाजारचा कायएक खावचंय नाय. माझ्या सुनेन पिकवलेला तेवढाच तोंडात घालीन. देवा महाराजा, माझ्या झिलाक घराक आण."

माझी सून! आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला असं म्हटलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'आई, त्या डब्यात बांगडे आहेत' एवढंच. शिवरात्रीच्या आदल्या दिवशीच मासळीची भांडी घराबाहेर काढणारी बाई ती. पण मी मान वर करून हसले. आठवलं की अजून अंगावर शहारा येतो, आणि तो भक्तीचा नव्हे.

मासळीचं पाणी बंद केलं खरं, पण आत गेलेलं बाहेर कसं काढायचं? मला शुद्धीची युक्ती सुचली. तबेल्यात जाऊन तांब्या भरभरून गोमूत्र आणलं आणि दोन्ही डब्यांत ओतलं. मला वाटलं, दोन वास एकमेकांना मारतील. त्यांनी एकमेकांशी लग्न लावलं. त्या संसाराचं वर्णन मी करत नाही, वाचणाऱ्यानं जेवून घेतलेलं असेल. वरच्या मजल्याच्या कठड्यावर बसणारी कबुतरंसुद्धा आमच्या बाजूला फिरकेनाशी झाली. आणि दोष? तो लंगोटांच्या खात्यावर जमा होताच. सासू येता-जाता शेजारच्या दारापुढं पदर नाकाला लावायची.

शिवरात्र आली. नवरा अजून आतच होता. सासू न्हाली आणि ओल्या केसांनी पितळी ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी जुन्या गोणपाटावर डबा उपडा केला. डब्याच्या आकाराचं काळं ढेकूळ पडलं, आणि आतून असा वास आला की सासू एक पाऊल मागं सरली, पण ताट तिनं सोडलं नाही. मी हात घातला. लावलेल्या मूळ बटाट्यात अंगठा रुतला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. नव्यांत बरेचसे सुपारीएवढे, काही लिंबाएवढे. माझ्या उकरण्यानं अर्धे हिरवे पडलेले. एक मात्र छान मोठा, आणि त्याच्या कमरेला, कंबरपट्टा घालावा तसा, बांगड्याचा अख्खा काटा.

मी काटा मुठीत घेतला आणि सासूची नजर वळताच पोलक्यात खुपसला.

बटाटे उकडले, सोलले. प्रत्येक हालचालीला तो काटा मला टोचत होता आणि त्याचा वास माझ्या छातीतून माझ्याच नाकात येत होता. सासूनं ताट पुढं घेतलं. हात जोडले. ओठ हलले. काय म्हणते ते मला ऐकू येत होतं. मग तिनं तो मोठा बटाटा फोडला आणि तुकडा उचलला.

मला एकच दिसलं: तो तुकडा पोटात गेला, की तुरुंगाचं दार कायमचं बंद.

"आई, खाव नकात!"

तुकडा ओठांशी थांबला.

"त्येच्यात मासळीचा पाणी आसा. डोकीय आसत." आणि मी काटा काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

सासू काट्याकडे बघत राहिली. "कसलो मासो?"

"बांगडो."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

तिनं तुकडा ताटात ठेवला. उठून हात धुतले. परत एकदा धुतले. मला वाटलं, आता झिंज्या धरणार, माहेरी धाडणार. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"मगे त्या बायचा काय?" ती म्हणाली.

मला कळेचना, कुठली बाय.

"जिच्या पोराची लंगोटा मी चाळीत गाजवलंय, तिचा काय गो? माझ्या उपासाचा मी बघतंय. तू आधी तिच्याकडे जा."

त्या दिवशी सासू पाण्याचा थेंबही न घेता राहिली. ताट तसंच पडलं होतं. दुपारी मी त्यातला एक हिरवा बटाटा चाखला. कडू जहर, घशात खवखव. म्हणजे तिनं खाल्ले असते तर नुसता उपास बाटला नसता, ती अंथरुणाला खिळली असती. एवढं माझं कर्तृत्व.

शेजारी गेले. सगळं सांगितलं. साताऱ्याची बाई पोराला पाजत होती, तिनं मान वर केली नाही.

"माफी कर गं."

"माफी काय चाटू? संडासापाशी लंगोटं वाळत घातली मी. लेकराच्या अंगाला त्याचा वास यायचा." तिनं कोपऱ्यातली बादली पायानं माझ्याकडे सरकवली. "ही घे. तुजा नवरा घरला येस्तवर रोज तू धुवायचीस. हा माजा नवस."

"येस्तवर? किती दिवस ते कोण सांगणार?"

"तू सांग की तुज्या देवाला, लौकर आण म्हनून."

तान्ह्या पोराच्या लंगोटाबद्दल लोक फार प्रेमानं बोलतात. मूल आपलं असलं की. दुसऱ्याच्या पोराचं, रात्रभर बादलीत मुरलेलं, वरून आंबट दुधाचा वास आणि खाली फुटक्या दह्यासारखं पिवळं काहीतरी. ते नखांत जातं आणि भाकरी थापताना आठवतं. मी नळावर ओकले. एकदा नाही, रोज ओकले. इतकी, की बायका माझ्या पोटाकडे बघून बोटं मोजायला लागल्या. सासू एका शब्दानं मध्ये पडली नाही. उलट शेजारणीच्या दारात बसून दोघी चहा प्यायच्या आणि नळाकडे बघायच्या.

"ता डावीकडचा नीट पीळ गो."

"व्हय, आत्याबाई, पिळायला लई आळशी हाय."

शिवरात्रीला किती दिवस उलटले होते कुणास ठाऊक. सकाळची वेळ, मी नळावर उकिडवी बसलेली. खाली घोषणांचा गलका झाला. बायका कठड्याकडे धावल्या. जिन्यावरून माणसं वर आली आणि त्यांच्या मध्ये तो. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, हातभर ढेकणांचे फोड. सासू भाकरतुकडा ओवाळायला धावली आणि ओवाळता ओवाळताच रडायला लागली. त्यानं तिच्या डोक्यावरून गॅलरीभर नजर फिरवली. मला शोधत होता.

मी उठायला गेले. कोपरापर्यंत हात पिवळे. ते कुठं पुसायचे हेच कळेना, म्हणून तशीच धरून उभी.

"ही काय करता?" त्यानं आईला विचारलं. पाया पडायला मी दोन पावलं पुढं आले तसा तो नकळत मागं सरकला आणि त्यानं नाकाला हात लावला.

पोराला कडेवर घेऊन साताऱ्याची बाई दारात उभी होती. माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली.

"आला की गं तुजा. फिटला नवस. जा आता घरात."

मी बादली तिथंच टाकून निघाले, तशी तिनं मागून हाक मारली.

"ए! तळाला दोन ऱ्हायलीत. ती धुऊन जा."

आणि मी, नवरा दारात उभा असताना, खाली बसून ती दोन धुतली.