अ-हुनच्या कागदी घरातली बिऱ्हाडं

बोंग-यो या नावाचा अर्थ 'झालीच आहे तर पोसू'. आमच्या सुआ-लुन गावात पोरींवर पोरी झाल्या, की बाप वैतागून असलं नाव ठेवायचा आणि होडी घेऊन समुद्रावर निघून जायचा. त्यामुळं गावात बोंग-यो पुष्कळ. पण कुणी नुसतं 'बोंग-यो' म्हटलं, की माणसाची नजर धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडाकडंच वळायची. तिथं ती बुटक्या पाटावर बसून कालवं फोडायची. गालात सुपारीचा विडा, हात कालवावर, डोळे रस्त्यावर. सुरी एकदा मारली की शिंपला उघडायचा, आणि तोंड एकदा उघडलं की माणूस मिटायचा.

तिच्या समोर तिची सासू बसायची, अ-हुन. तीही त्याच जातीची. दोघींच्या मधे टरफलांचा ढीग वाढत जायचा. दुपारपर्यंत तो नाकाच्या वर गेला, की मग भांडण ऐकू यायचं, पण भांडणारी दिसायची नाही. बोंग-योचा नवरा बोक-सिंग, म्हणजे अ-हुनचा एकुलता एक मुलगा, या दोघींच्या मधे राहून राहून बोलायचंच विसरला होता. त्याला काही विचारलं की तो मान हलवायचा. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

गेल्या साली अ-हुन गेली. कालवं फोडता फोडता, वाक्याच्या मधोमध. त्या वाक्याची सुरुवात 'तुझ्या आईनं तुला' अशी होती.

बोंग-योनं क्रियाकर्मात काही कमी केलं नाही. बांबूच्या कामट्यांचं, रंगीत कागदाचं तीन मजली घर करवून आणलं. आत कागदी फ्रिज, कागदी टीव्ही, दारात कागदी मोटार, हाताखाली कागदी मोलकरणी. मळणीच्या ओट्यावर घर ठेवलं, पेटवलं. असं जाळलेलं सगळं खाली, मेलेल्यांच्या मुलखात, ज्याचं त्याला पोचतं. असं घर जळताना नात्यातल्या सगळ्यांनी भोवती दोर धरून उभं राहायचं असतं आणि ओरडायचं असतं, "ये गं, तुझं घर घे!" कारण ज्यांच्या मागं कुणी उरलं नाही, ज्यांना कुणी घास ठेवत नाही, असले भुकेले जीव जाळाभोवती माशांसारखे घोंघावतात. त्यांना आम्ही घाबरून 'भाऊबंद' म्हणतो. दोर कुणाच्याही हातून सुटला की ते घुसलेच म्हणून समजा.

आणि घुसले.

जेवणानंतर बोंग-योचा डोळा लागला की अ-हुन स्वप्नात यायला लागली. यायची ती सरळ स्वयंपाकघरात जायची आणि वितीनं चुलीमागची जागा मोजायची.

"आत्याबाई, काय चाललंय?"

"माझ्या घरात परकी माणसं शिरल्यात. मी बाहेर उंबऱ्याशी बसलीया. पावसापाण्यात. सातव्या महिन्यात खालची वेस उघडली की समद्यांची पितरं जेवायला येत्यात आन परत जात्यात. म्या येईन, ती जाणार न्हाई. ह्या चुलीमागं माझी खाट बसती."

बोंग-यो घामानं भिजून उठायची. सासू जिवंत असताना निदान कधी कधी झोपायची तरी. मेलेल्या सासूला झोप कुठली?

दोर कुणी सोडला, हे बोंग-योनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिची नणंद किम-त्सु. तिचं लग्न गावातच बदकंवाल्याच्या घरी झालेलं. शेडातून किम-त्सु जाताना दिसली की बोंग-यो सुरी थांबवून हाक मारायची, "वन्सं, आईचं घर लुटवलंत, आता बदकांचं खुराडं तरी नीट बंद करा!" किम-त्सु म्हणायची, "म्या सोडला न्हाई दोर. तुझ्या गळ्याची आण." आपल्या गळ्याची आण ती कधी घ्यायची नाही.

शेवटी बोंग-यो थिअम-लाय भगताकडं गेली. थिअम-लाय सकाळी मोटारसायकली दुरुस्त करायचा आणि दुपारी, हात धुऊन, जित्या माणसांना खाली पाठवायचा. देवळाच्या पडवीत खुर्चीवर बसवायचं, अनवाणी पाय सोनेरी कागदांवर ठेवायला लावायचे, डोळ्यांवर मंतरलेली लाल पट्टी बांधायची आणि उदबत्त्या लावून लाकडी ठोकळा ठोकत मंत्र म्हणायचा. बसलेला माणूस खाली उतरतो. डोळ्यांना जे दिसेल ते त्यानं मोठ्यानं बोलत राहायचं. बोलणं थांबलं की वाट सुटते, आणि वाट सुटलेला माणूस वर येईलच असं नाही.

हे ऐकून गाव निर्धास्त झालं. बोंग-यो आणि बोलायची थांबणार!

ठरल्या दुपारी देवळात जत्रेसारखी गर्दी. बोक-सिंग खांबाला टेकून उभा. किम-त्सु बदकांच्या अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन सगळ्यांत पुढं, खास बघायला आलेली.

ठोकळा वाजायला लागला. बोंग-योची मान डुलली, पाय चालल्यासारखे हलायला लागले.

"धुकं हाय. समोरनं काठी टेकत म्हातारा येतुया. अगं बया, ह्यो तर आपल्या वेशीवरचा भूमीदेव! म्हणतुया माझ्या मागनं चल. देवा, धोतर... न्हवं, झगा सावरा, चिखलात लोळतुया."

"देवाला शिकवू नगं!" थिअम-लाय ओरडला.

"आता खालची वेस आली. बैलाच्या तोंडाचा पहारेकरी उभा हाय. हुंगतुया मला. जित्या माणसाचा वास येतो का बघतुया." ती खो-खो हसली. "म्हणतुया, बाई, समुद्राच्या तळातनं आलीस काय? जा म्हणाला!" कालवांच्या वासात तिचं जितेपण बुडून गेलं होतं.

गर्दीतून एक जण पुढं झाला. "वहिनी, आमचा बा दिसला तर इचार, मोटारसायकल पोचली का?"

"बसलाय बघ तिच्यावर. पोचली म्हणं, पर किल्ली जाळली न्हाई कुणी. ढकलत फिरतुया."

तो माणूस कपाळ बडवत मागं सरला.

पुढं पूल आला. पुलाच्या तोंडाशी म्हातारी पातेलं घेऊन बसलेली. तिचं सूप प्यायलं की माणूस मागचा जन्म विसरतो.

"पिऊ नगं!" थिअम-लायनं ठोकळा जोरात मारला.

"पिते कुटं? वास घेतला निस्ता. आजीबाई, आल्याचा पत्ता न्हाई ह्यात. आन तळाला लागलंय." मग ती म्हणाली, "म्हातारी रडाय लागली, काका. म्हणती, इतकी माणसं प्यायली, पर प्यायल्यावर समदं इसरत्यात. चव कशी हाय ते आजवर कुणी सांगितलंच न्हाई."

आल्याचे किती तुकडे, कधी घालायचे, हे सगळं बोंग-योनं तिला समजावून सांगितलं. पडवीतल्या दोन बायकांनीही मनात धरून ठेवलं. मग ती पुढं निघाली, आणि एकाएकी तिचा आवाजच बदलला.

"आलीस? पाय मोडले व्हते का तुझे?"

तो अ-हुनचा आवाज होता. बोक-सिंग खांब सोडून ताठ उभा राहिला.

तिथून पुढं बोंग-यो दोघींचं बोलायला लागली, एकदा आपलं, एकदा सासूचं. अ-हुन घराच्या दारात पाटावर बसली होती. मांडीवर झाडू आडवा. सकाळ-संध्याकाळ आतल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला.

"हो बाजूला, आत्याबाई. मी बोलते त्यांच्याशी."

तिनं खिडकीला तोंड लावलं. आत भाऊबंद एका कोपऱ्यात चिकटून बसलेले. एक ईल मासे धरताना बुडालेला, एक बाहुल्यांचे खेळ करणारी टक्कल पडलेली बाई, आणि परमुलखातून येऊन इथंच मेलेला एक म्हातारा शिपाई. बोलायला शिपायालाच पुढं ढकललं त्यांनी.

"निघा भाईर!" बोंग-यो गरजली. "लाज न्हाई वाटत? म्हातारीचं घर!"

"बाई," शिपाई हात जोडून म्हणाला, "आम्ही पहिल्याच दिवशी निघणार होतो. पर दारात ही बसलीया."

"मग शिरला कशाला?"

"दोर सुटला, शिरलो."

"कुणी सोडला? नाव सांग. हितं समदी ऐकत्यात."

आणि इथं, बोंग-यो जन्मल्यापासून पहिल्यांदा, गप्प झाली.

ठोकळा वाजत होता. तिचे ओठ घट्ट मिटलेले. थिअम-लायनं तिच्या पायाला हात लावला आणि दचकला. पाय गार पडत चालले होते.

"बोल, बोंग-यो! वाट सुटंल!"

"वारं लई हाय खाली," ती पुटपुटली. "नीट ऐकू येत न्हाई."

"तिथं कशाचं वारं?" किम-त्सु अंड्यांच्या पाटीवरून वाकून म्हणाली. "सांग की, काय म्हणतुया?"

पाय घोट्यापर्यंत गार. बोक-सिंगनं बायकोचे पाय छातीशी धरले आणि चोळायला लागला. शेवटी बोंग-योनं एका दमात सांगून टाकलं, "मला म्हणतुया, बाई, तूच सोडलास! निवदाची कोंबडी कुत्रं ओढत व्हतं, त्याला चप्पल मारायला दोन्ही हात उचललेस!"

पडवी फुटली हसण्यानं. किम-त्सु हसली नाही. तिनं पाटी नीट मांडीवर सारखी केली आणि म्हणाली, "कुत्र्याला लागली का पर?"

"लागली," बोंग-यो म्हणाली.

"मग ठीक हाय."

पायात ऊब परत आली. आता आतल्यांना बाहेर काढायचं होतं, आणि सासूच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. पण सासूच्या पाठीमागून कसं सटकायचं, हे कुठल्याही सुनेला शिकवावं लागत नाही. बोंग-यो अ-हुनच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, खरं सांगू? तुमच्या रताळ्याच्या पेजेला कधी चवच नव्हती."

मग जे भांडण जुंपलं! इकडं पेज, मीठ, माहेर, लग्नातली कोंबडी. आणि तिकडं मोरीच्या खिडकीतून एकेक भाऊबंद खाली उतरतोय. शिपाई शेवटी. त्याच्या मागून कागदी मोलकरणीही उड्या मारून पळाल्या. त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

"जा आता आत," बोंग-यो दमून म्हणाली. "घर तुमचं."

अ-हुन आत गेली. तिन्ही मजले फिरली. कपाटं उघडली, फ्रिज उघडला. बाहेर आली ती तोंड पाडून.

"आत कुणीच न्हाई."

"तेच पायजे व्हतं ना तुमाला?"

"मोलकरणी बी न्हाईत. म्या बोलू कुणाशी? भिंतीशी?" अ-हुननं झाडू खांद्यावर टाकला. "चल. बोचकं बांधते. तुझ्याकडंच येते."

पडवीत बोंग-योनं अशी किंकाळी मारली, की बाहेर बांधलेली डुकरं ओरडायला लागली. खुर्चीवर बसल्या बसल्या तिचे पाय पळायला लागले. सोनेरी कागद सगळीकडं उडाले.

"अवो शिपाई! थांबा! माघारी फिरा!"

शिपाई पुलाच्या अलीकडं थांबला. बोंग-योनं हात जोडले. घर घ्या, फ्रिज घ्या, फक्त तिच्यासोबत राहा. शिपाई बाकीच्यांकडं बघून म्हणाला, "आम्ही भुकेले हाय बाई, पर इतके बी न्हाई."

"अमावास्या-पुनवेला कालवांची गरम भजी ठेवीन! तांदळाची दारू! इडा!"

ते हलेनात.

"अंडी सांग!" किम-त्सु उठून उभी राहिली. "बदकाची, खारवलेली. माझ्याकडनं."

गर्दीतून कुणी डुकराच्या मटणाचा रस्सा कबूल केला, कुणी बाहुलीवालीसाठी टोपी. ईल धरणाऱ्याला इतक्या साऱ्या माणसांनी एकदम जेवायला बोलावल्याचं ऐकून हुंदका आला, असं बोंग-योनं सांगितलं. मग शिपायानं तोड काढली: पहारा लावायचा. एकानं म्हातारीसमोर बसायचं, बाकीच्यांनी मागं आराम करायचा, मग पाळी बदलायची.

अ-हुननं मात्र अट घातली. "मान हलवणारी माणसं नगं मला. माझ्या पोरानं जन्मभर तेच केलं. उलटून बोलणारी पायजेत."

पुन्हा खांबाशी जाऊन उभ्या राहिलेल्या बोक-सिंगनं मान हलवली.

भाऊबंदांना उलटून बोलता येईना. मरून इतका काळ लोकांच्या उंबऱ्याशी हात पसरत फिरलेली माणसं ती, त्यांना नुसतं 'हो बाई' येत होतं. तेव्हा बोंग-योनं पुलाशी बसून त्यांना शिकवलं. टोमणा आला की आधी हसायचं, मग तिच्या माहेरावर जायचं. ती गप्प झाली तर समजायचं अजून मोठं येतंय. शिपायाला एकेक वाक्य चार-चारदा म्हणायला लावलं. थिअम-लायच्या उदबत्त्या संपल्या, शेजारच्या देव्हाऱ्यातल्या आणाव्या लागल्या. शेवटी शिपाई अ-हुनपुढं जाऊन म्हणाला, "म्हातारे, तुझ्या आवाजानं तर माझ्या हाडांचासुद्धा भुगा झाला असता, पर आता हाडंच न्हाईत."

 अ-हुननं झाडू खाली ठेवला, आणि बोंग-योकडं न बघताच आत गेली.

पट्टी सोडली तेव्हा बोंग-योचा घसा बसला होता. ती आठवडाभर हातवारे करून कालवं विकत होती.

सातवा महिना आला. घरोघरी पितरांची पानं मांडली. बोंग-योनं मागच्या दाराशी भाऊबंदांचं वेगळं पान वाढलं: भजी, दारू, विडे, नणंदेची अंडी. सासूसाठी आत आसन मांडलं, पेजेत मीठही बरोबर घातलं. दुपारी डोळा लागला तशी अ-हुन आली. उभ्या उभ्या जेवली, हात पुसले आणि निघाली.

"आत्याबाई, बसा की जरा."

"येळ न्हाई. घरी माणसं खोळंबल्यात. तो शिपाई लई बोलतुया आताशा. सांगू का, तुझ्यापरीस बरा भांडतो."

बोंग-यो उठली ती लालबुंद होऊनच. कालवांची सुरी उचलून तडक थिअम-लायच्या दारात. तो एका गाडीचं चाक काढत बसला होता.

"काका, मला पुन्यांदा खाली सोडा."

"आता काय राहिलं?"

"त्याला म्याच शिकवलं, आन आता तो माझ्याहून वरचढ? एकदा समोरासमोर बसून बघायचंय."

थिअम-लायनं चाक बाजूला ठेवलं, तिच्याकडं नीट बघितलं, आणि म्हणाला, "बाई, तिथं कायमचं जायची सोय समद्यांचीच हाय. तवर दम धर."