दुसऱ्या अंकातला राजा

प्लेगाच्या आदल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी, ठाकूरद्वारच्या एका वाडीत आमच्या नव्या नाटकाची तालीम दुसऱ्या अंकात तिसऱ्यांदा थांबली. राजाचे भाषण संपत नव्हते, त्यामुळे राणीला पद म्हणता येत नव्हते.

नाटक माझे होते. नोकरी वर्तमानपत्रात, बातम्या लिहिण्याची. राजाचे काम करणारा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. मालवणकडे, आपल्या गावी, त्याने दहा-बारा वर्षे दशावतारात राजे आणि राक्षस केले होते. आमच्या नाटक मंडळीच्या चालकांनी त्याला आवाजावर निवडले. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याची लिहिलेली भाषणे, मी त्याला वाचून दाखवीत असे.

दशावतारात भाषण लिहिलेले नसते. कथा ठरलेली, शब्द ज्याचे त्याचे. आमच्याकडे भाषणाचा शेवटचा शब्द हीच खूण. तो कानावर आला की सारंगीवाला सूर देई आणि राणी पद उचले. राजा अर्थ बरोबर सांगे, पण तो शब्द कधी मधेच येई, कधी येतच नसे. त्या दिवशी तो मधे आला. सारंगी वाजली, राणीने अर्धी ओळ म्हटली, आणि राजा अजून आपल्या पणजोबांच्या पराक्रमावरच होता.

राणीचे काम करणारा कोटात, फोर्टकडे, एका कचेरीत कारकून होता. तो म्हणाला, मी जेवून येतो, तोवर आजोबांपर्यंत पोचा.

चालक हसले नाहीत. "पुढच्या रविवारी शब्द जागेवर आला नाही, तर काम दुसऱ्याला देईन," ते म्हणाले.

राजाने आपल्या चाळीत सगळ्यांना नाटकाला यायला सांगून ठेवले होते. वाडीबाहेर तो मला म्हणाला, "काय बोलूचा ता माका ठाऊक आसा, मास्तर. पण तुमचे शब्द माझ्या तोंडात रवनत नाय."

गुरुवारी गिरणी सुटल्यावर मी परळला त्याच्या खोलीवर गेलो. त्याला त्याच्या शब्दांत बोलायला सांगितले आणि सभेचे वृत्त घ्यावे तसे मी लिहून घेऊ लागलो. तेच भाषण तो सात वेळा बोलला. सातही वेळा शब्द निराळे होते. सातही वेळा शेवटी त्याने उजवा पाय आपटला. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, दशावतारात मृदंगवाला पायाकडे बघतो. आपण इथेही पाय आपटतो हे त्याला माहीत नव्हते.

रविवारी मी सारंगीवाल्याला शब्द सोडून पाय बघायला सांगितले. तो वयाने सर्वांत मोठा होता. चाळीस वर्षे कानांनी ऐकून वाजवले, आता जोडे बघून वाजवू का, असे त्याने विचारले. मग आपली बैठक उचलून तो राजाचा पाय दिसेल अशा जागी जाऊन बसला.

राजा बोलला, पाय आपटला, सारंगी वाजली, राणीने पद उचलले. अंक न थांबता संपला. चालकांनी पुढचा अंक लावायला सांगितला.

नाटकाचे तीन प्रयोग गिरगावात झाले. तिन्हींत राजाचे काम त्यानेच केले. पहिल्याला त्याच्या चाळीतली माणसे आली होती. माझ्याजवळच्या नाटकाच्या वहीत माझे दीड पानांचे भाषण खोडलेले आहे. त्याखाली लिहिले आहे: राजा बोलतो. पाय आपटतो. पद.