मालकांचे हॅलोजन आणि माझे दोन फ्लॅश

गुलमंडीतल्या एका फोटो स्टुडिओत मी चार वर्षं काम केलं. मालकांकडं तीन मोठे हॅलोजन दिवे होते. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. पुसायचे तेसुद्धा मालकच. त्या दिव्यांपुढं कन्नड तालुक्यातला शेतकरी बसो नाहीतर बजाजनगरचा कामगार, फोटोत दोघं एकाच साच्यातले निघायचे: मान ताठ, कपाळावर घाम, डोळे भेदरलेले. मालक याला पोर्ट्रेट म्हणत.

पुढं मी नोकरी सोडली. सेलवर चालणारे दोन फ्लॅश घेतले आणि घरोघर जाऊन बायकांचे फोटो काढायला लागले. ज्यांना स्टुडिओत येणं जमत नाही, अशा पुष्कळ जणी होत्या. मालकांनी ऐकलं आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटले की फ्लॅश म्हणजे वरातीतला चमकारा, त्यात कला कसली. मी माझं काम करत राहिले. सांगून शिकेल असा तो माणूसच नव्हता.

वर्षभरानं एका दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. गावभरच्या लोकांचे फोटो काढणाऱ्या या माणसानं आईचा एकही फोटो काढला नव्हता, कारण आईला स्टुडिओचा जिना चढवत नव्हता. आता तो दिवेच घरी घेऊन आला होता आणि म्हातारी तोंड दाखवत नव्हती.

मी गेले तेव्हा दोन हॅलोजन खाटेला खेटून उभे होते. म्हातारीनं पदर डोळ्यांवर ओढलेला. "लई भाजायलंय रे, बंद कर ते," ती म्हणत होती. मालक तिला सरळ बघायला सांगत होते. तेवढ्यात फ्यूज उडाला.

ते फ्यूज बघायला बाहेर गेले. मी म्हातारीजवळ बसले आणि तिच्या माहेरची विचारपूस केली. ती एका मारकुट्या म्हशीची गोष्ट सांगू लागली. मी दोन्ही फ्लॅश चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडं वळवले. भिंतीवरून परतलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर मऊ पडला. तिला तो टोचलाही नाही. म्हशीनं माहेरी आलेल्या सासऱ्याला उकिरड्यात लोळवलं तिथं ती बोळकं उघडून हसली, आणि तोच फोटो आला. त्याची मोठी प्रत मी त्यांच्या घरी दिली.

दोन महिन्यांनी म्हातारी गेली. काही दिवसांनी तो फोटो मला स्टुडिओच्या शोकेसमध्ये दिसला, खाली स्टुडिओचा शिक्का. आत मालक एका जोडप्याला सांगत होते, की मोठ्या दिव्यांशिवाय असं काम होतच नाही.

मी म्हणाले, "मालक, त्या दिवशी तर फ्यूज उडाला होता."

ते जराही गडबडले नाहीत. "बाई, उजेड कसा टाकायचा ते तुम्ही माझ्याकडंच शिकलात ना?"

मला हसू आलं. राग यावा एवढाही तो माणूस मला मोठा वाटेना. मी सरळ त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. त्या चपला घालून निघाल्या, मी मागोमाग. दुकानात गिऱ्हाइकांसमोर नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "ज्यांनी काढला त्यांचं नाव घाला. नाहीतर आईंना मी घरी नेते."

मालकांनी नाव घातलं नाही. त्यांच्या बायकोनं फोटो शोकेसमधून उतरवून पिशवीत ठेवला आणि घरी नेऊन बैठकीत लावला.

शोकेसमधल्या त्या मोकळ्या जागी मालकांनी मकबऱ्याचं चित्र लावलं. तेही एका जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं होतं.