अण्णांचं दोन गल्ल्यांवरचं खोकं

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही लेकीची. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. चुकलं असेल तिथं माफ करा, असं लिहिणार होते, पण वाचणार कोण आहे? तरी माफ करा. आज रागात लिहितेय, त्यामुळं अक्षर आणखीच वाईट येणार.

सायकलवाले अण्णा खोक्यावर बसायचे. दुकानात दोन खुर्च्या होत्या, त्या गिऱ्हाइकांसाठी. गळ्यात शिंप्यासारखा टेप टाकून अण्णा भरलेल्या खोक्यावर टेकायचे, आणि खालचा पुठ्ठा कुरकुरला की ओरडायचे, "तंगेव्वा, हवा हाय की आत! उघड, परत भर." तंगेव्वा म्हणजे धाकटी बहीण. अण्णा जयसिंगपूरकडचे, घरात कानडी बोलायचे. मी त्यांच्याकडं नऊ वर्षं खोकी बांधली. त्याआधी मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, बारदान शिवत होते. माझा टाका बघूनच अण्णांनी मला आणलं.

जुन्या काळ्या उंच सायकली हौसेनं जपणारी माणसं परदेशात आहेत. त्यांना लागणाऱ्या रिमा, मडगार्ड, चेनकव्हर अण्णांकडं मिळायचे. सामान स्वस्त, पाठवणं महाग. कुरियरवाला नुसता काटा बघत नाही, खोक्याची लांबी, रुंदी, उंची मापतो. चाक हलकं असलं तरी जागा खातं, आणि पैसे जागेचे. अण्णा म्हणायचे, "ट्यूबातली हवा फुकट, खोक्यातली हवा सोन्याच्या भावानं." म्हणून आम्ही अख्खं चाक कधी पाठवलं नाही. सगळ्या तारा सोडायच्या, रिमा एकीवर एक ठेवायच्या, मडगार्ड चमच्यांसारखे एकात एक बसवायचे, तारांची जुडी चेनकव्हरच्या पोटात घालायची. तिकडं चाक परत कसं विणायचं याचं चित्र अण्णा स्वतः काढून द्यायचे.

मोठी खोकी शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या कंटेनरमधून जायची. ही अक्कलही अण्णांचीच. लोखंडाच्या मालानं कंटेनरचं वजन भरतं, पण वरची जागा मोकळीच राहते. अण्णा त्या मालकाला म्हणाले, "पावणं, तुमी समुद्रातनं हवा नेताय. त्या हवेत माझी खोकी बसवा की!" मालक पोट धरून हसला आणि नाममात्र भाड्यात कबूल झाला. एवढा हुशार माणूस. हुशार नसता तर मला एवढा राग आला नसता.

प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी जायची. वर सामानाची यादी, खाली 'बांधणार' असं लिहून रेघ. त्या रेघेवर माझी सही. मी माणसांत तोंड न उघडणारी बाई, पण माझं नाव समुद्रापलीकडं जायचं. सही मी जीभ दातात धरून, सावकाश करायची.

ऑस्ट्रेलियाची मोठी ऑर्डर होती त्या दिवशी फोमचे तुकडे संपले. अण्णांनी शेजारच्या गोठ्यातून भाताच्या पेंढ्याचं पिंजर आणवलं. मी हळूच म्हटलं, "अण्णा, फाउंड्रीतले साहेब म्हणत हुते, तिकडं गवत-पाला चालत न्हाय."

"बांगड्या कशात येत्यात गं?"

"पिंजरात."

"मग? काचंला चालतंय आणि लोखंडाला चालत न्हाय? चौथी शिकून मला कायदा शिकवतीस व्हय? भर."

मी भरलं. सही केली.

तिकडं बंदरावर खोकी उघडली. पिंजरातून किडा येतो म्हणून माल अडकवला. तो साफ करायचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त, म्हणून सगळं मोडीत गेलं. गिऱ्हाइकानं माझ्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. दुकानात पाच-सहा माणसं होती. अण्णांनी मोबाईल सगळ्यांपुढं धरला. "ही बघा सही. ह्या बाईनं पिंजर भरलं. अडाणी माणसं कामाला ठेवली की असं हुतंय."

बाई! आठ वर्षांपासूनची तंगेव्वा एका मिनिटात बाई झाली. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "गुळाची बाई ती, अण्णा. मुंग्या लागल्या न्हाईत हेच नशीब!" सगळे हसले. अण्णाही हसले. मी हातात दाभण घेऊन उभी होते. त्यांचा राग येतो, त्याहून जास्त माझ्या त्या वेळच्या मुक्या तोंडाचा येतो.

वर्षभर पगारातून महिन्याला पाचशे कापले. लेकीची फी होती, म्हणून मी जात राहिले.

वर्ष सरलं, आणि पुन्हा फोम संपला. अण्णांनी शेंगांच्या टरफलांचं पोतं माझ्यापुढं ओतलं. "पिंजर नगो आता. ही भर. टरफल म्हंजे काय गवत न्हवं." त्यांच्या मते ते शहाणे झाले होते.

कुठून आवाज आला कोण जाणे. "तुमीच भरा. सही बी तुमीच करा."

"काय म्हणालीस?"

"मागच्या बारीला पिंजर तुमीच भरायला लावलंतं. हितं सगळ्यांम्होरं सांगा, मग मी टरफलं भरते."

पंक्चरवाल्याच्या हातातली पकड तशीच राहिली. अण्णा खोक्यावर बसून गळ्यातला टेप गुंडाळत राहिले. पूर्ण गुंडाळला, परत सोडला. शेवटी म्हणाले, "लई बोलाय लागलीस." मी दाभण डब्यात ठेवलं आणि घरी आले. परत त्या दुकानाची पायरी चढले नाही. माझं घर दुकानापासून दोन गल्ल्यांवर. तीन वर्षांत अण्णा एकदाही आले नाहीत.

गेल्या महिन्यात ते गेले. शोकसभेत जो उठला त्यानं 'हवेला भाडं न देणारा माणूस' हेच सांगितलं. मी मागच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसले होते. रडू येत नव्हतं.

काल त्यांची सून आली. "मावशी, मामंजींच्या फळीवर हे घावलं. वर तंगेव्वा लिवलंय. तुमीच न्हवं?"

तळहाताएवढं खोकं. वरची धूळ जुनी होती. मी सवयीनं अंगठ्यानं दाबून बघितलं. कुरकुरलं नाही. पुठ्ठा बरोबर नोटांच्या मापाचा कापलेला, आत नख घालायला जागा नाही. वर चिठ्ठी: 'पिंजराचे परत. पाचशेच्या नोटा, नग बारा.' खाली 'बांधणार', आणि रेघेवर अण्णांची सही.

ऑस्ट्रेलियाला खोकं पाठवायची वाट ज्यांना सापडली, त्यांना दोन गल्ल्या ओलांडता आल्या नाहीत. बाई म्हणाले ते चार माणसांत. कबूल झाले ते बंद पुठ्ठ्यात.

मी नोटा सुनेसमोर दोनदा मोजल्या. चिठ्ठी तिच्या हातात परत दिली. "ही माझ्या घरात नगो. दुकानात लाव. अण्णांच्या फोटोखाली, सगळ्यांस्नी वाचाय येईल अशी."

तिनं चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली. मग घडी न घालता, दोन्ही हातांत सपाट धरून उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "पैसं बरोबर हायेत न्हवं, मावशी?"

"व्हय," मी म्हटलं. "पैसं पुरं फिटलं."