चौथीचा वर्ग आणि लग्नाचा कॅमेरा

दिघोरीजवळच्या आमच्या शाळेतले ईश्वर लांजेवार गुरुजी उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नांचे फोटो काढतात. शाळा उघडली की तोच कॅमेरा गळ्यात अडकवून वर्गात येतात. मुलं शिकताना त्यांचे फोटो काढा, त्यावरून कोणाला काय येतं ते ठरवा, असं वरून सांगण्यात आलं तेव्हा आसपासच्या शाळांच्या अख्ख्या केंद्रात हरखलेला हा एकच माणूस.

पण हाताची सवय जाते कुठं? पोरगा तराजूत दगड तोलायला लागला की गुरुजी ओरडायचे, "थांब! हनुवटी वर. इकडे पाह्य. हास!" पोरगा हसायचा, तराजू कलंडायचा. फळ्यावर भागाकार मांडणारी चंदा खडू असा धरायची, जणू हातात वरमाला आहे आणि समोर नवरदेव उभा आहे.

केंद्रप्रमुख कृष्णरावांनी सगळे फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला. "गुरुजी, हे मूल्यमापन आहे का रिसेप्शन? यात शिकून कोण राहिलं?"

"सगळेच शिकून राहिले, साहेब. पाहा नं, डोळे मिटलेला एकही नाही!"

कृष्णरावांचं बोट डिंपलच्या फोटोवर थांबलं. ही पोर परक्या माणसापुढं तोंडच उघडत नसे. तोंडी परीक्षेत त्यांनी क्षेत्रफळ विचारलं, तर ती स्वतःच्या पायाचा अंगठा न्याहाळत राहिली. फोटोतही विजेच्या खांबासारखी उभी. "शनिवारपर्यंत हिचा पुरावा दाखवा. नाहीतर हिले अप्रगत लिहितो."

गुरुजींचा चेहरा उतरला. डिंपलला सगळं येतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या एवढ्या फोटोंत नेमकं तेवढंच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्षेत्रफळ मोजायला वर्ग टेप घेऊन शाळेमागच्या बांधीत, कापणी झालेल्या भाताच्या तुकड्यात, उतरला. कॅमेरा वळला की डिंपल ताठ. पुन्हा वळला, पुन्हा ताठ. वैतागून गुरुजींनी कॅमेराच तिच्या हाती दिला. "घे माय, तूच काढ व्हिडिओ. मी मोजतो."

टेपचं एक टोक वर्गातल्या मनिषकडे देऊन गुरुजी उभे राहिले. पोट आत, हनुवटी वर.

"गुरुजी, माह्याकडे काहून पाहून राहिले? टेपकडे पाहा!" कॅमेऱ्यामागून आवाज आला. सगळा वर्ग चाट. "टेप ढिला आहे, ताणा त्याले. लांबी बारा मीटर. आता रुंदी. अजी, तिरपे कायले चालले? त्या मातीच्या धुऱ्याच्या कडेनं सरळ जा! आठ मीटर. म्हणजे शहाण्णव चौरस मीटर झाले. हसू नोका, फोटो नाही काढून राहिली मी!"

शनिवारी कृष्णरावांनी व्हिडिओ पाहिला. पडदाभर गुरुजींचं पोट.

"पोरगी कुठे आहे यात?"

"दिसत नाही, साहेब. ऐका."

कृष्णरावांनी ऐकलं. पुन्हा लावून ऐकलं. मग पेन काढून डिंपलच्या नावापुढं 'प्रगत' लिहिलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तिचं झालं. पण गुरुजी, याच पुराव्यावर तुम्ही अप्रगत निघून राहिले, त्याचं काय करू?"