मामूची बिनबंदुकीची शिकार

शिकारीबद्दलचं माझं मत मी कधी लपवून ठेवलं नाही. पुण्यात कॉलेजला असताना मी तिच्याविरुद्ध पत्रकं लिहिली, झेरॉक्स काढून कँटीनच्या टेबलांवर वाटली, लोकांनी त्यावर भजी ठेवून खाल्लेली बघितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटली. मेलेल्या प्राण्याशेजारी छाती काढून फोटो काढणारा माणूस मला शूर वाटत नाही, रिकामटेकडा वाटतो. हे मी आजही म्हणते. त्यामुळे अमिरातीत, फुजैराच्या त्या फ्लॅटमध्ये, पानात सुरमईचं कालवण असताना, माझा मामू "कायमचं घरी जायच्या आधी एक शिकार करायची आहे" असं म्हणाला, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

मामू म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावातून ऐन तारुण्यात इकडे आला आणि सगळी नोकरी त्यानं इथल्या बंदरात, तेलाच्या टर्मिनलवर काढली. हिवाळा संपता संपता त्याचा व्हिसा कॅन्सल होणार होता. घरात खोके रचलेले, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवलेलं. मी राहते शारजात, आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघते. म्हणजे लोकांना हेल्मेट घाला म्हणून ओरडायचा मला पगार मिळतो. त्या हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक वीकेंडला मी मामूकडे असायचे.

मी तिथल्या तिथे भाषण सुरू केलं. या देशात शिकारीला बंदी आहे. इथले डोंगरातले गज़ाल, आपल्या चिंकाऱ्याचे भाऊबंद, आधीच थोडे उरलेत. आणि तुझ्यासारख्या नमाजी माणसाला हे सुचतं तरी कसं. मामू शांतपणे माशाचे काटे काढत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, "लीडर, बंदुकीचं नाव कोणी काढलं?"

तो मला लीडर म्हणतो. कौतुकानं नाही.

मग त्यानं सांगितलं. लहानपणी त्याचे वडील त्याला रानात न्यायचे. ठासणीची बंदूक होती, पण ती निम्म्या वेळा उडायचीच नाही. खरी गोष्ट होती जवळ जाण्याची. एका पहाटे एक भेकर इतकं जवळ आलं की त्याच्या पापण्या दिसत होत्या, आणि नेमका मामूला खोकला आला. भेकर गेलं. वडील घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी त्याला कधी बरोबर नेलं नाही. मग मामू इकडे आला. ड्यूटीवर जाता-येता समोर हे तपकिरी डोंगर रोज दिसायचे, पण चढायला कधी झालं नाही.

"एकदा तसं जवळ जायचं," तो म्हणाला, "आणि ते माझ्यामुळे पळायचं नाही. खलास. मग मी घरी जायला मोकळा."

मुमानी, म्हणजे माझी मामी, स्वयंपाकघरातून म्हणाली की खोकल्याचं औषध घ्या, त्यात भागेल.

आता यावर कोणतं पत्रक काढणार? पण तत्त्व म्हणून मी अटी घातल्या. हरणाला चारा टाकून बोलवायचं नाही. गाडी घेऊन मागे लागायचं नाही. आणि शिकार हा शब्द वापरायचा नाही.

"मग काय म्हणू? मुलाखत?" मामूनं विचारलं.

जागा मामूच्या ओळखीची होती. डोंगराच्या कुशीत एका म्हाताऱ्या अरबाची खजुराची बाग आहे. मामू दर बकरी ईदला त्याच्याकडून बकरा घ्यायचा, त्यातून दोस्ती झालेली. त्याला सगळे अरबाब म्हणतात, म्हणजे मालक, आणि तो कोणालाही गहवा, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, पाजल्याशिवाय सोडत नाही. त्यानंच सांगितलं होतं की बागेच्या वरच्या अंगाला पाण्याचा पाइप गळतो, तिथे थोडं हिरवं उगवतं, आणि गज़ाल येते. कधी, कुठून, ते त्यानं कधी बघितलेलं नव्हतं. सकाळी गुडघे चढू देत नाहीत, म्हणाला.

म्हणून मी ट्रेल कॅमेरा घेतला. खोबरेल तेलाच्या डब्याएवढी वस्तू. झाडाला पट्ट्यानं बांधायची, समोरून काही गरम अंगाचं हललं की ती आपोआप फोटो काढते. मुमानीनं किंमत विचारली, दिरहमचे रुपये केले आणि म्हणाली, एवढ्यात गावात खरी बकरी येते आणि ती रोज दिसते. अरबाबच्या परवानगीनं आम्ही तो पाइपासमोरच्या बाभळीसारख्या काटेरी झाडाला बांधला. मामूनं जुन्या लुंगीची एक चिंधी फाडून समोरच्या फांदीला लावली, टर्मिनलवर वाऱ्याची दिशा बघायला कापडी मोजा असतो तशी. त्यामुळे प्रत्येक फोटोत वारा कुठून आहे ते कळायला लागलं. मला सुचायला हवं होतं, सेफ्टीत मी आहे.

दर वीकेंडला कार्ड काढून आणायचं आणि मामूच्या टीव्हीला लावायचं. पहिल्यांदा लावलं तेव्हा नुसत्या बकऱ्या. बकरीचं नाक, बकरीची शेपूट, कॅमेऱ्याचा पट्टा चघळणारी बकरी. मग एक कोल्हा, तित्तरांचं एक कुटुंब, एक बेवारस गाढव. आणि मग, उजेड नुकताच फुटलेला असताना, ती. सडपातळ, वाळूपेक्षा थोडी गडद, डोळ्यापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. मागे तिचं जवळजवळ तिच्याएवढं झालेलं पिल्लू. मामू उठून टीव्हीच्या इतका जवळ गेला की मुमानीला काही दिसेना.

त्यानंतर आम्ही फोटो वाचायला शिकलो. पाणी प्यायला खाली आलेली गज़ाल नेहमी बकऱ्यांच्याच पायवाटेनं यायची. सूर्य समोरच्या सुळक्यावर आला की चिंधी उलटी फिरायची. पहाटे वारा दरीतून खाली सरकतो, ऊन लागलं की वर चढायला लागतो. म्हणजे बसायचं तर वाटेच्या खालच्या बाजूला, पडक्या दगडी बांधाच्या आड, आणि ऊन येईपर्यंतच. मामूनं हे सगळं पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर काढलं, बाणांसकट. कंपनीत इतकं चांगलं ड्रॉइंग मी बघितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. आम्ही कार्ड बदलून यायचो, त्याच्या दुसऱ्या सकाळी गज़ाल यायची नाही, किंवा यायची आणि वाटेवरच थबकून माघारी फिरायची. याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. खालच्या धरणाशी वीकेंडला मंडळी मांस भाजायला येतात. गाणी लावतात, क्वाड बाइक फिरवतात, चिप्सची पाकिटं टाकून जातात. ही दरी काय तुमच्या अंगणातला उकिरडा आहे का? मी तीन भाषांत पोस्टर केलं: "इथे कोणीतरी राहतं. आवाज आणि कचरा घरी न्या." अरबाबनं ते वाचून मान डोलावली आणि बागेच्या कुंपणावर लावलं. पुढच्या कार्डवर त्याचे फोटो होते. वाऱ्यानं ते उडत वर आलं होतं आणि एक काळी बकरी ते कोपऱ्यापासून सुरू करून पूर्ण खात होती. अरबी आधी, मग इंग्रजी.

"तुझी पत्रकं वाचणारं कोणीतरी भेटलं," मामू म्हणाला.

जाण्याची तारीख जवळ आली तशी आम्ही सकाळ ठरवली. अंधारात बागेत पोचलो. अरबाब फज्रची, म्हणजे पहाटेची, नमाज पढून बसलाच होता. गहवा, खजूर, आणि शेवटी नेहमीप्रमाणे बखूर. ऊदाच्या लाकडाचा धूप निखाऱ्यावर टाकतात आणि धुपाटणं पाहुण्याच्या कपड्यांखालून, बाहीतून, दाढीखालून फिरवतात. तो निरोपाचा मान असतो, त्याला नाही म्हणत नाहीत. मामूनं कुर्ता पसरून धूर घेतला, मी ओढणीत घेतला, आणि आम्ही वर जाऊन बांधाआड बसलो.

सगळं पुठ्ठ्यावरच्यासारखं झालं. वारा खाली. उजेड हवा तेवढा. ती आली, पिल्लू मागे. आम्ही जिथून वाट ओलांडली होती बरोबर तिथे थांबली, जमिनीला नाक लावलं, एकदा फुरफुरली आणि दोघंही नाहीशी झाली.

मामू माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी खोकलो नाही. तू बघितलंस ना?"

मी हो म्हणाले. मला खालच्या धरणावरच्या त्या सगळ्या मांस भाजणाऱ्यांना एकेक करून गाठावंसं वाटत होतं.

पण घरात शिरलो तशी मुमानीनं नाकाला पदर लावला. मामूचा कुर्ता धुवायला घेताना म्हणाली, "अरबाबकडून येता आणि तीन दिवस माझ्या फ्रिजमधल्या डाळीलासुद्धा ऊदाचा वास येतो. ते हरीण आहे, त्याला काय सर्दी झालीय?"

मी आणि मामू एकमेकांकडे बघायला लागलो. मग कार्डं पुन्हा लावली. ज्या ज्या सकाळी गज़ाल माघारी फिरली होती त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गहवा पिऊन, बखूर घेऊन, त्याच हातांनी कॅमेऱ्याचा पट्टा बांधून, बकऱ्यांची वाट तुडवून गेलो होतो. मांस भाजणाऱ्यांचा यात काही दोष नव्हता. कचऱ्याचा आहे, तो मी मागे घेत नाही.

आता प्रश्न असा की एकच सकाळ उरली होती आणि अरबाबला नाही म्हणायचं होतं. मामू म्हणाला, जमणार नाही. त्याच्या दारावरून गहवा न घेता जायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या दोस्तीवर पाय ठेवून जायचं. हरीण नाही दिसलं तरी चालेल. हे म्हणताना तो खोक्याला टेप लावत होता आणि टेप वाकडी जात होती.

मला असल्या भिडेचा राग येतो. त्या पहाटे अरबाबनं धुपाटणं उचललं तेव्हा मी माझ्या मोडक्या हिंदीत सरळ सांगून टाकलं की तुमच्या बखूरमुळे गज़ाल पळते. मामूनं डोळे मिटून घेतले.

अरबाब हसायला लागला, आणि इतका हसला की धुपाटणं खाली ठेवावं लागलं. "पहले गज़ाल," तो म्हणाला, "बाद में गहवा, बाद में बखूर." आणि उठून बकऱ्यांच्या गोठ्यात गेला आणि दोन जुनी कांबळी घेऊन आला. थंडीत पिल्लांवर टाकतात ती. त्यानं एक मामूच्या खांद्यावर घातलं, एक माझ्या. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते की हमरियात केमिकलच्या गोदामातही मी तोंडानं श्वास घेत नाही, तो इथे घेतला.

आम्ही बकऱ्यांच्या वाटेनं वर गेलो आणि बांधाआड बसलो. चिंधी खाली लोंबत होती, हळूच दरीकडे हलत होती.

ती आली. जिथे मागच्या वेळी थांबली होती तिथे नाक खाली घातलं, आणि पुढे निघाली. पाइपापाशी आली. पिल्लू पुढे घुसलं, तिनं त्याला ढकललं आणि स्वतः प्यायला लागली. पापण्या दिसत होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही. मामूकडे बघितलं तर त्याचा चेहरा लाल, गाल फुगलेले, मूठ तोंडावर दाबलेली. कांबळ्याचा एक केस त्याच्या घशात गेला होता.

तो खोकला. चांगला दणदणीत, बंदराच्या धुळीत कमावलेला.

गज़ालनं मान वर केली. आमच्याकडे बघितलं. पिल्लानंही बघितलं. खाली गोठ्यात एक बकरी अगदी तसंच खोकली, दुसरीनं तिला साथ दिली. गज़ालनं कान फिरवला, आणि मान खाली घालून पुन्हा पाणी प्यायला लागली.

ऊन सुळक्यावर येईपर्यंत ती तिथेच होती. मग चिंधी फिरली आणि ती घाई न करता वर निघून गेली. बागेत खाली आल्यावर मामूनं पहिलं काम केलं ते मुमानीला फोन लावायचं.

"खोकलो," तो म्हणाला. "तरी थांबली. बकरी समजली मला."

पलीकडून मुमानी काय म्हणाली ते मला ऐकू आलं, तिला कधी फोनची गरज नसते. ती म्हणाली की गज़ालला माणसांची पारख आहे.

मग गहवा झाला, पुन्हा झाला, आणि अरबाबनं ते धुपाटणं मामूच्या त्याच कांबळ्याखालून सावकाश फिरवलं, मान पूर्ण देऊन. परत येताना गाडीच्या सगळ्या काचा खाली होत्या.

कार्डवर तो फोटो आहे. एका कडेला कांबळ्यात गुंडाळलेला मामू, तोंडावर मूठ, डोळ्यांतून पाणी. मागे ती, मान वर, सरळ त्याच्याकडे बघणारी. मी तो मोठा करून दिला. आता तो गावच्या घरात, फुजैराहून नेलेल्या घड्याळाच्या शेजारी लागला आहे. फोनवर मागे आवाज येतात, कोणीतरी भेटायला आलेलं असतं आणि मामू त्यांना शिकारीची गोष्ट सांगत असतो. हो, शिकारच म्हणतो. हरीण दर वेळी थोडं आणखी जवळ येतं. परवा तर हात लांब केला असता तर लागलं असतं. मी एका चुकीच्या आकड्यावरून लोकांशी तासभर भांडणारी बाई आहे. पण तिथे मी गप्प बसते, आणि गोष्ट संपली की विचारते, "आणि मग बकरी खोकली ते सांगितलंस का?"